निरोपाची दोरी

खिडक्या कापायला सुरुवात झाली त्या दिवशी दोरीवाल्या मावशींनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जाळली. उभा जन्म इस्त्रीच्या टेबलामागे गेलेल्या बाईच्या हातून असं व्हावं, ही काही साधी गोष्ट नव्हती. जळका वास आला तशी सूनबाई आतून धावत आली. पाहते तर इस्त्री शर्टावर तशीच, आणि मावशी गच्चीच्या दारात उभ्या. नजर रस्त्यापलीकडे. पलीकडे जुन्या तुरुंगाच्या भिंतीला परांची बांधली होती आणि तिच्यावर उभे राहून दोन कामगार यंत्राने दगड कापत होते. आवाज असा, की दात शिवशिवावेत.

"कोपऱ्यापासून धरलंय," मावशी म्हणाल्या. "आता एकेक करत इकडे येणार."

सूनबाईला वाटलं, म्हातारी धुळीच्या काळजीत आहे. धुतलेल्या चादरींवर धूळ बसणार, गिऱ्हाइकं बोलणार, ही धास्ती तिलाही होतीच. म्हणून ती म्हणाली की काम संपेपर्यंत कपडे आतच वाळत घालू. त्यावर मावशींनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती मुकाट्याने जळका शर्ट उचलून घेऊन गेली.

काळजी धुळीची नव्हती. मधल्या मजल्यावर, साधारण रांगेच्या मध्यावर, एक खिडकी होती. बाकीच्या खिडक्यांसारखीच उंचावर, चिंचोळी, गजांची. पण मावशींना ती झोपेत विचारली असती तरी दाखवता आली असती. त्या खिडकीतून बाहेरचं नेमकं काय दिसतं, एवढंच त्यांना एकदा आत उभं राहून बघायचं होतं. ती कापली गेली की मग ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय सख्ख्या भावाला भेटायला हॉस्पिटलची पायरी चढायला त्यांचं मन तयार नव्हतं.

तुरुंग बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती. कैद्यांना शहराबाहेरच्या नव्या तुरुंगात नेलं आणि शहराच्या ऐन मध्यावरची ही एवढी मोठी दगडी इमारत कबुतरांना आंदण दिल्यासारखी पडून राहिली. मग एका कंपनीने ती घेतली. तीन कोठड्या फोडून एक घर, तळमजल्यावर दुकानं, कैदी फिरायचे त्या अंगणात झाडं आणि बाकं, असा बेत ठरला. फाटकावर फलक लागला. त्यावर जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेपुढे एक कुटुंब हसत उभं होतं. कशाला हसत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तसल्याच काचा बसवायच्या म्हणून खिडक्या खालपर्यंत कापणं चाललं होतं.

मुळात ज्याने ही इमारत बांधली त्याचं डोकं मानायला हवं. छताच्या पंख्याला पाती असतात तशा चार लांबलचक इमारती मधल्या एका गोल चौकाला जोडलेल्या. चौकात एक शिपाई उभा केला की जागचं न हलता त्याला चारी बाजूंचे सगळे दरवाजे दिसत. कैद्याला मात्र समोरच्या कोठडीचा दरवाजासुद्धा धड दिसू नये अशी सोय. बघायचं एकाने आणि दिसायचं दुसऱ्याने, हा त्या घराचा कायदाच होता. मावशींच्या गच्चीसमोर त्यातलं एकच पातं येई, तीन मजली, आणि त्याला लागून अंगणाचा एक तुकडा. त्या तुकड्यात सकाळी कैदी एकामागे एक गोल फिरायचे. घंटा झाली की आत. तिथल्या धुराड्यातून धूर निघाला की मावशी आपला स्टोव्ह पेटवायच्या. संध्याकाळी मोजणीची घंटा व्हायची. ती लांबली तर अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहायची, कारण घंटा लांबली म्हणजे आकडा जुळत नाही, आणि आकडा जुळत नाही म्हणजे कुणीतरी भिंतीवरून गेलं.

मावशी या गल्लीत आल्या त्या भावासाठी. धाकटा भाऊ एका गोदामाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. मालकाने भरून दिलेला माल चोरीचा निघाला. मालक सुटला, ड्रायव्हर अडकला. मावशींचा नवरा आधीच गेलेला, मुलगा लहान, घरात आजारी आई. तरी मावशींनी बिऱ्हाड उचललं आणि तुरुंगासमोरच्या इमारतीत गच्चीवरची खोली घेतली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण भाडं परवडणारं होतं, कपडे वाळवायला गच्ची होती, आणि भावाची खिडकी समोर दिसत होती. एवढ्यावर त्यांचं भागलं.

गच्चीवर दोन दोऱ्या होत्या. एक वरची, दोन उंच लोखंडी खांबांना ताणलेली. तिच्यावर चादरी आणि पलंगपोस काठीने टाकावे लागत. ती धंद्याची दोरी. दुसरी खालची, कठड्यालगतची, हाताला येणारी. ती निरोपाची. खालच्या दोरीवर पिवळं फडकं असलं की घरी सगळं ठीक. हिरवं असलं की घरात मूल झालं. लाल म्हणजे वकील भेटला, तारीख पडली. काळं म्हणजे कुणीतरी गेलं. पांढऱ्याला काही अर्थ नव्हता, पांढरं म्हणजे नुसते कपडे. आतल्या माणसाला निरोप दिसला की तो गजाला चिंधी बांधायचा. चिंधी म्हणजे 'दिसलं'.

पत्रं होतीच, पण पत्र वाचलं जाऊन, शिक्के बसून, हातात पडेपर्यंत बातमी शिळी व्हायची. म्हणून मावशींनी भावासाठी काढलेली ही युक्ती भेटीच्या रांगेतल्या बायकांनी उचलली. कुणाची आई, कुणाची बायको, फडकं घेऊन जिना चढून यायची. मावशी कुणाला नाही म्हणत नसत. 'दोरीवाल्या मावशी' हे नाव त्या रांगेतच पडलं आणि पुढे म्हातारपणापर्यंत चिकटलं. शिपायांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांचेही गणवेश मावशींकडेच इस्त्रीला येत, आणि मावशींसारखी कडक घडी दुसरीकडे मिळत नसे.

भाऊ सुरुवातीला सर्वांत वरच्या मजल्यावर होता. मावशींनी त्याला निळ्या काठाचा टॉवेल पाठवला होता, त्याच्याच चिंध्या तो बांधायचा. आई तेव्हा हिंडतीफिरती होती. काळी शाल पांघरून ती गच्चीत खुर्ची टाकून बसे आणि समोरच्या गजांकडे बघत राही. तिला लांबचं दिसत नव्हतं, पण बघायची. मग तिने अंथरूण धरलं. त्याच सुमारास तिकडे जेवणाच्या रांगेत मारामारी झाली. त्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या भेटी बंद झाल्या आणि काही जणांना मधल्या मजल्यावर हलवलं. एके दिवशी निळ्या काठाची चिंधी मधल्या रांगेतल्या खिडकीला दिसली, आणि मावशींना कळलं की स्वारीने घर बदललं.

त्यानंतर मात्र चिंधी दिसेना. मावशी रोज खालच्या दोरीवर पिवळं टाकत होत्या. आई अंथरुणावर का होईना, होती. तिकडून उत्तर नाही. शिक्षा झाली म्हणून रुसून बसला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. लहानपणापासूनची खोडच होती ती.

आई गेली ती एका सकाळी, मावशी कपडे पिळत असताना. बसस्टँडजवळच्या लॉजचे नवे पलंगपोस धुवायला आले होते आणि त्यांचा रंग जात होता. मावशींनी कसेबसे ते वर टाकले आणि आत येऊन बघतात तर आई थंड. शेजारणी जमल्या. एकीने मावशींना हात धुऊन यायला सांगितलं, कारण त्यांचे हात मनगटापर्यंत रंगले होते. धुतले तरी रंग निघाला नाही. तशाच हातांनी त्यांनी आईच्या अंगावरची काळी शाल काढली आणि खालच्या दोरीवरचं पिवळं फडकं उतरवून तिथे टाकली.

नियम असा होता की घरातलं कुणी गेलं तर कैद्याला शिपायाबरोबर घरी नेऊन आणत. पण अर्ज कैद्याने स्वतः करायचा, तोही संध्याकाळच्या मोजणीच्या आत. घरच्यांच्या सांगण्याला किंमत नव्हती. मावशी फाटकावरही जाऊन आल्या. तिथला शिपाई म्हणाला की निरोप देतो. तो निरोप आत पोचला तो सगळं आटोपल्यावर. म्हणून मावशींची सगळी भिस्त दोरीवर होती. दुपारी त्यांनी पाहिलं, तर मधल्या मजल्यावरच्या खिडकीला चिंधी. निळ्या काठाची. दिसलं.

मग सगळे वाट बघत बसले. आईला तसंच ठेवलं. जिन्यात पाऊल वाजलं की मावशी उठून दारात जायच्या. मोजणीची घंटा झाली. कुणी आलं नाही. आणि घंटेनंतर थोड्या वेळाने त्या खिडकीतून गाणं ऐकू आलं. भावाचाच आवाज, मोकळा, मोठा. आईचं आवडतं गाणं त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, मग दुसरं धरलं. मावशी रंगलेले हात मांडीवर घेऊन आईच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांना ते गाणं अंगावर उकळतं पाणी पडावं तसं लागलं. एक वेळ तो आला नाही हे त्यांनी पोटात घातलं असतं. पण गाणं म्हणायचं?

तो सुटला तेव्हा त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. आत येण्याआधीच म्हणाला, "आई गेली त्या दिवशी तू पिवळं का टाकलंस, ताई?" मावशींना वाटलं, आपला कान आपल्याला फसवतोय. स्वतःच्या हातांनी पिवळं काढून काळी शाल टाकली, तू चिंधी बांधलीस, आणि आता तोंड वर करून मला खोटं पाडतोस? त्या त्याला खोटारडा म्हणाल्या, आणखीही बरंच म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. तो दुसऱ्या शहरात गेला, संसार थाटला, त्याला मुलगी झाली. त्या दाराच्या अलीकडे तो पुन्हा आला नाही आणि पलीकडे मावशी गेल्या नाहीत.

आता ती मुलगीच मोठी होऊन आत्याला फोन करत होती. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर धड काही बोलत नाहीत, तुम्ही या. मावशींनी तिला तोडून टाकलं की आधी बापाला म्हणावं, खोटं बोललो ते कबूल कर. भाची रडली नाही, चिडलीही नाही. ती एवढंच म्हणाली की बाबांना कालच विचारलं, ते म्हणाले, मी जे पाहिलं तेच सांगितलं.

मरणाच्या दारात बसलेला माणूस अजून तेच म्हणतोय, हे काही मावशींच्या गळ्याखाली उतरेना. तो खोटारडा आहे, ह्या एका खुंटीवर त्यांनी इतकी वर्षं सगळं टांगून ठेवलं होतं. खुंटीच निघाली तर? आणि नेमकी त्याच आठवड्यात समोर यंत्राची घरघर सुरू झाली.

रोज एखाददुसरी खिडकी जात होती. मावशी सकाळी उठल्या की आधी गच्चीत जाऊन बघायच्या, यंत्र कुठवर आलं. चहा गार व्हायचा. घड्या चुकायला लागल्या. एका वकिलाच्या कोटाबरोबर दुसऱ्याची पँट गेली आणि तो वकील कोर्टात आखूड पँट घालून उभा राहिला. शेवटी सूनबाईने जेवताना ताट बाजूला सारून विचारलं की आई, काय झालंय ते मला सांगा. आणि मावशींनी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

सूनबाई पक्की होती. ती म्हणाली, कंपनीचं बुकिंग ऑफिस उघडं आहे, घर बघायचंय म्हणून सरळ जायचं. दुसऱ्या दिवशी दोघी ठेवणीतले कपडे घालून गेल्या. तिथल्या पोरीने थंड पाणी दिलं आणि टेबलावरचा नमुना दाखवला. सगळा तुरुंग, पण पुठ्ठ्याचा, हिरव्या कापसाच्या झाडांसकट. मावशींनी त्यातल्या एका पात्यावर बोट ठेवलं. मधला मजला, मधली खिडकी, हे घर बघू. पोरगी गोड हसून म्हणाली की तिकडे काम चालू आहे, पलीकडचं नमुन्याचं घर दाखवते. मावशी म्हणाल्या की मला हेच हवंय. पोरीने विचारलं, त्याच घरात असं काय आहे? मावशींना खोटं पटकन सुचेना. सूनबाई म्हणाली, "ह्यांचे भाऊ तिथे राहायचे." त्यानंतर पोरीने थंड पाण्याचा दुसरा ग्लास पुढे केला नाही.

मग मावशी एकट्याच मागच्या फाटकाशी गेल्या आणि मुकादमाला गाठलं. दगडाच्या धुळीने भुवयांपर्यंत पांढरा झालेला माणूस. त्याला त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, परांचीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल, असंही म्हणाला. मग म्हणाला, "ती खिडकी उद्या दुपारनंतर कापणार. सकाळी चहाच्या सुट्टीत यंत्र बंद असतं, तेव्हा या. उशीर केलात तर माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मावशी निघाल्या. निघताना सूनबाईला बजावलं. पेटीतली आईची काळी शाल काढायची, खालच्या दोरीवर टाकायची, त्याच जागी. वर रोजच्यासारखे गिऱ्हाइकांचे कपडे. मी आतून बघते.

मुकादमाने त्यांना डोक्यावर घालायला पिवळी टोपी दिली आणि पुढे चालू लागला. एवढी वर्षं समोर राहून मावशींनी आतलं काही पाहिलं नव्हतं. गोल चौकातून चारी बाजूंना लांबच लांब सज्जे गेले होते, आणि सज्ज्यांवर दारांच्या रांगा. बरीच दारं काढून भिंतीला उभी करून ठेवली होती. मधला मजला चढताना मावशींचे गुडघे बोलायला लागले, पण त्या थांबल्या नाहीत. सारखं वाटत होतं, आता यंत्र सुरू होईल.

कोठडीचं दार बुटकं होतं. वाकूनच आत शिरायचं, म्हणजे आत जाणाऱ्याची मान आपोआप खाली. दाराच्या आतली फरशी पावलांनी झिजून वाटीसारखी झाली होती. समोरच्या भिंतीला झोपायचा दगडी ओटा, आणि ओट्याच्या वर, उंच, ती खिडकी. मावशी खाली उभ्या राहून बघतात तर निव्वळ आभाळ. कुणा बांधणाऱ्याने भिंत हातभर जाड ठेवून खिडकीचा तळ आतल्या बाजूला उतरता केला होता, छपराला असतो तसा. उजेड खाली यावा आणि नजर वर जावी, एवढ्यासाठी.

मुकादमाने हात दिला आणि त्या ओट्यावर चढल्या. आता वरची दोरी दिसली. तिच्यावर पांढऱ्या चादरी हलत होत्या. त्याखाली दगडाचा उतार. मावशींनी मान ताणली, चवडे उचलले. शाल काही दिसेना. सूनबाई विसरली बहुतेक, असं वाटून त्यांचं डोकं भणाणलं. त्यांनी तिला फोन लावला. सूनबाई म्हणाली की शाल केव्हाच टाकली, खालच्या दोरीवर, तुम्ही सांगितलंत तिथेच, आणि मी तिच्याशेजारीच उभी आहे.

मावशींनी पुन्हा पाहिलं. ना शाल, ना सूनबाई. फक्त वरची दोरी.

मला तो दिसतो म्हणजे त्यालाही मी दिसते, हे त्या इतकी वर्षं गृहीत धरून चालल्या होत्या. वरच्या मजल्यावर ओटा उंच असेल नाहीतर खिडकी खाली, पण तिथून दोन्ही दोऱ्या दिसत असणार, म्हणून तिथली उत्तरं यायची. मजला बदलला आणि खालची दोरी गेली. मग त्या दिवशी त्याने पाहिलं काय? वरच्या दोरीवर त्या दिवशी काय होतं? लॉजचे पलंगपोस. रंग जाणारे. मावशींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आईच्या उशाशी बसल्या होत्या तेव्हा हे हात मनगटापर्यंत पिवळे होते. हळदीसारखे पिवळे. धंद्याच्या दोरीवर काय आहे याकडे त्यांचं कधी लक्षच नसे.

मुकादम म्हणाला की खाली उतरा. त्या म्हणाल्या की थांब. आणि भाचीला फोन लावून बापाला द्यायला सांगितलं.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी तुझ्या कोठडीत उभी आहे," मावशी म्हणाल्या.

मग भावाचा आवाज आला, बारीक झालेला. "वरच्या का मधल्या?"

"मधल्या."

"काय दिसतंय?"

"चादरींची दोरी. पुढे दगड."

"तसं नाही दिसायचं. डाव्या कोपऱ्यात एक दगड पुढे आलाय बघ, त्यावर पाय ठेव. उजव्या हाताने दुसरा गज धर आणि हनुवटी चौकटीला लाव. मी तसाच लोंबकळायचो."

भावंडं दोन्ही बुटकी. मावशींनी दगड शोधला, पाय टेकवला. मुकादमाने मागून आधार दिला. हनुवटी गार चौकटीला लागली. चादरी थोड्या जास्त दिसल्या, अगदी खालच्या कडेपर्यंत. त्याखाली तोच दगडाचा उतार.

"खालची दिसतेय?" भावाने विचारलं.

"नाही."

"मला एवढंच दिसायचं, ताई. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. मजला बदलला म्हणजे तू वर टाकत असशील."

मावशींना रडू फुटलं. राग, शरम आणि सुटल्यासारखं वाटणं, सगळं एकदम आलं आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळेना. त्यांनी त्याला सांगितलं की पलंगपोस लॉजचे होते. खाली आईची शाल होती, स्वतःच्या हातांनी टाकलेली. तो ऐकत होता. मधूनच 'हं' म्हणत होता. आणि मग इतकी वर्षं जे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, सुनेला सांगतानाही गाळलं होतं, ते त्यांनी विचारलं.

"मग गात का होतास रे?"

"किती दिवस नुसतं पांढरं दिसत होतं," भाऊ म्हणाला. "मला वाटलं, आईचं काही खरं नाही. मी अन्न टाकलं होतं. आणि त्या दिवशी एकदम पिवळं, दोरीभर पिवळं. आई बरी झाली म्हणून गात होतो." तो दम घ्यायला थांबला. "तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"तिला ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने म्हणत होतो."

मावशींनी गज घट्ट धरला. "घरातच होती ती तेव्हा," त्या म्हणाल्या. "आम्ही तुझी वाट बघत होतो ना. तिच्या उशाशीच बसून ऐकलं मी."

मग भाचीने फोन घेतला आणि म्हणाली की बाबांना आता बोलू देत नाहीत, नर्स रागावतेय. मावशी म्हणाल्या की मी येते. आजच निघते.

खाली चहाची सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. उतरण्याआधी मावशींनी कमरेचा रुमाल काढला आणि भावाच्या गजाला बांधला. मुकादमाने विचारलं की हा सोडवून घ्यायचा का. त्या म्हणाल्या, राहू दे, गज काढशील तेव्हा जाईल तोही. त्यांच्या पाठीमागे यंत्र सुरू झालं तेव्हा त्या चौकापर्यंत पोचल्या होत्या, आणि ह्या खेपेला त्यांनी वळून पाहिलं नाही.

सूनबाईने पिशवीत चार कपडे आणि ती शाल भरून ठेवली होती. शाल बघून मावशी म्हणाल्या की काळं नको आज, ते घरीच राहू दे. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, आणि भाचीने सांगितलं होतं की भेटायची वेळ संध्याकाळी संपते. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, माणसं सावकाश चढत होती, सावकाश उतरत होती. पुढच्या सीटची दांडी धरून त्या ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसल्या.